रिॲक्टिव्ह त्वचेसाठी फेस पावडर: कुठल्या क्रमाने निवडायची, तपासायची आणि लावायची

सेन्सिटिव्ह किंवा रिॲक्टिव्ह, म्हणजे नवीन काही लावलं की लाल होणारी, चुरचुरणारी त्वचा असलेल्या बहुतेक जणी पावडर घेताना डब्याची पुढची बाजू वाचतात. त्यावर 'हायपोअलर्जेनिक', 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड', 'नॅचरल' असं काहीतरी लिहिलेलं असतं, डबा घरी येतो, त्याच दिवशी पूर्ण चेहऱ्याला लागतो आणि दोन दिवसांत गाल लाल झाले की तो बहिणीकडे जातो आणि दुसरा येतो. असे चार डबे झाले तरी नेमकं काय सोसत नाही हे कळलेलं नसतंच. कारण एकदम सगळंच बदललेलं असतं, पावडर नवीन, पफ नवीन, त्याच आठवड्यात फेसवॉश पण नवीन. म्हणून खाली दिलेला क्रम पाळा, मधली पायरी गाळू नका, घाई असेल तर उलट जास्तच पाळा.

१. आधी चेहरा शांत होऊ द्या

चेहरा लाल आहे, चुरचुरतोय, नाकाच्या बाजूला पापुद्रे निघतायत अशा दिवसांत पावडर निवडायला बसूच नका. त्वचेचा वरचा थर उघडा पडला की साधं पाणीसुद्धा झोंबतं, तेव्हा कुठलीही पावडर लावली तरी ती वाईटच वाटणार आणि चांगली पावडर उगाच बाद होणार. किमान दोन आठवडे चेहऱ्यावर फक्त तीन गोष्टी ठेवा: सौम्य बिनवासाचा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि आधीपासून सोसत असलेलं सनस्क्रीन. बाकी सगळं कपाटात. स्क्रब, पील, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल बंद, आणि बेसन-लिंबू, मुलतानी माती, उटणं हे पण बंद. घरचं आहे म्हणजे सौम्य आहे असं अजिबात नाही, लिंबाचा रस चांगलाच ॲसिडिक असतो, आणि उटण्यातला नागरमोथा लागला, कचोरा लागला की आंबेहळद लागली हे शोधून काढणं फार अवघड. फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध चालू असेल तर ते मनाने थांबवू नका, त्यांना विचारा.

तपासा: सकाळी नुसत्या कोमट पाण्याने तोंड धुवा आणि दहा मिनिटं काहीही लावू नका. ओढल्यासारखं वाटणं ठीक आहे, पण आग होत असेल, गाल गरम होत असतील तर अजून थांबायचंय.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगते कारण आपल्याकडे हे खूप म्हणजे खूप दिसतं. मेडिकलवाल्याकडून, पार्लरमधून किंवा शेजारणीने सुचवलं म्हणून 'गोरं करणारी' ट्यूब चेहऱ्याला महिनोन्‌महिने लावलेली असते, आणि त्यात मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं, म्हणजे स्टेरॉइड. बऱ्याचदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं तिघांचं मिश्रण. सुरुवातीला चेहरा छान उजळतो, मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुळ्या येतात, आणि ट्यूब बंद केली की दोन-चार दिवसांत आग आग. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं नावच दिलंय, आणि २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी मिळतात. तुमची त्वचा 'अचानक सेन्सिटिव्ह झाली' असं वाटत असेल तर आधी गेल्या वर्षभरातल्या ट्यूबा काढून त्यावरची नावं वाचा. यातलं काही सापडलं तर पावडर निवडणं सोडा, स्किनच्या डॉक्टरांकडे जा, आणि ट्यूब स्वतःहून एकदम बंद न करता ती कशी सोडवायची हे त्यांनाच विचारा.

डॉक्टरांकडे आधी जायचं अजून काही जणींनी: ऊन, तिखट, गरम चहा यांनी गाल पेटतात आणि बराच वेळ उतरत नाहीत (हा रोझेशिया असू शकतो, आणि सावळ्या त्वचेवर तो लाल न दिसता तपकिरी किंवा काळसर दिसतो म्हणून उशिरा लक्षात येतो), भुवया आणि नाकाच्या बाजूला तेलकट खपल्या धरतात, किंवा गोल चट्टा कडेने वाढत चाललाय. यातल्या कशालाच पावडर हा उपाय नाही.

२. आतापर्यंत काय लागलं आणि काय सोसलं, ते लिहून काढा

ही पायरी सगळे गाळतात आणि खरं काम इथेच होतं. फोनमध्ये एक अल्बम करा. ज्या ज्या वस्तूने त्रास झाला त्यांच्या मागच्या लेबलचे फोटो एकीकडे, ज्या वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतायत त्यांचे दुसरीकडे. डबा टाकून दिला असेल तर कंपनीच्या साइटवर घटकांची यादी बहुतेक वेळा मिळते. आता त्रास देणाऱ्यांच्या यादीत असलेलं पण चालणाऱ्यांच्या यादीत नसलेलं काय आहे ते बघा. दोन-तीन नावं हमखास वर येतात.

प्रत्येक त्रासासमोर वेळ पण लिहा. लावल्यावर काही मिनिटांत चुरचुरलं आणि धुतल्यावर तासाभरात गेलं, तर ती बहुधा नुसती इरिटेशन आहे, त्वचा बरी झाली की तीच वस्तू चालूही शकते. लावल्यावर एक ते तीन दिवसांनी खाज, बारीक पुरळ, सूज आली आणि ती आठवडाभर रेंगाळली, तर ॲलर्जीचा संशय, आणि तो घटक मग कायमचा टाळायचा.

अजून एक, चेहऱ्यावर पुरळ आलं म्हणजे चेहऱ्याला लावलेल्या वस्तूचाच दोष असतो असं नाही. हेअर डायमधलं पीपीडी (केस काळे करणारं रसायन) कपाळ, कान आणि पापण्यांवर उठतं. नेलपेंटची ॲलर्जी बोटांवर काहीच न दाखवता पापण्यांवर दिसते, कारण आपण दिवसभर डोळ्यांना हात लावतो. टिकलीच्या गोंदाने बरोबर टिकलीच्या जागी खाज सुटते, कधी कधी तिथला रंग जाऊन पांढरा डागही पडतो. अत्तर, केसांचं तेल, उशीच्या अभ्र्यावरचा वासाचा साबण, सगळे संशयित आहेत. हे न बघता बिचाऱ्या पावडरीला दोष देऊन काही होणार नाही.

थांबा: तीन-चार वेगवेगळ्या वस्तूंनी त्रास झालाय आणि समान घटक सापडतच नाहीये, तर डॉक्टरांकडून पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर बारीक पट्ट्या लावतात, ४८ तास ठेवतात, मग दोनदा वाचन करतात. पट्ट्या भिजू द्यायच्या नसतात आणि घामाने त्या सुटतात, म्हणून शक्यतो भर उन्हाळा सोडून करा.

३. पावडरचा प्रकार ठरवा

लूज पावडर, कॉम्पॅक्ट, मिनरल फाउंडेशन आणि ट्रान्सल्युसंट सेटिंग पावडर (जवळजवळ बिनरंगाची, मेकअप टिकवायला वरून लावायची), हे ढोबळ चार प्रकार. रिॲक्टिव्ह त्वचेला माझी पहिली पसंती साध्या लूज पावडरला. कॉम्पॅक्टची वडी बांधून राहण्यासाठी त्यात तेलं, मेण, सिलिकोन असं काहीतरी घालावं लागतं, त्यामुळे घटकांची यादी लांबते. लूज पावडर कोरडी असते, पाणी नसल्याने प्रिझर्व्हेटिव्ह कमी लागतं. पर्समध्ये नेता येत नाही हे खरं, सांडते पण. कॉम्पॅक्टच हवा असेल तर यादी लहान असलेला घ्या. आणि ओल्या स्पंजने लावायचे टू-वे केक मात्र टाळाच, ओला स्पंज रोज त्याच वडीवर फिरतो आणि दमट हवेत ती वडी स्वच्छ राहत नाही.

चेहरा तेलकट असेल तर सिलिका असलेली पावडर चालेल, ती तेल छान ओढते. पण कोरड्या त्वचेला तीच सिलिका दुपारपर्यंत ताणायला लागते, नागपूरच्या मे महिन्यात किंवा परदेशात हीटर लावलेल्या घरात तर विचारू नका. कोरड्या त्वचेने मायका (अभ्रक) आणि झिंक ऑक्साइडवाली, अगदी पातळ थराची पावडर बघावी, आणि फक्त नाक, कपाळ, हनुवटीवर लावावी, गाल सोडून द्यावेत.

टाल्कबद्दल नेहमी विचारतात. टाल्कची त्वचेला ॲलर्जी होणं तसं विरळच, बऱ्याच वेळा टाल्क पावडरने त्रास होतो तो त्यातल्या वासामुळे. त्यामुळे 'टाल्क-फ्री' लिहिलंय म्हणून ती सौम्य असं समजू नका, टाल्क काढून त्याजागी काय घातलंय ते वाचा. टाल्कची खरी काळजी श्वासातून आत जाण्याची आणि ॲस्बेस्टॉसची भेसळ असण्याची, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय. ज्यांना नको वाटतं त्यांनी सरळ टाळावं, पर्याय भरपूर आहेत. बेबी पावडर फेस पावडर म्हणून वापरणं तर बंदच करा, तिचा तो ओळखीचा वास म्हणजेच सुगंधी द्रव्य.

आणि घरी कॉर्नफ्लोअर, दालचिनी, कोको मिसळून पावडर करायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका. दालचिनी हा त्वचेला ॲलर्जी करणारा नावाजलेला पदार्थ आहे.

४. डबा उलटा करा

आपल्याकडच्या नियमांप्रमाणे घटक जास्तीपासून कमीकडे लिहावे लागतात, फक्त १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. वास आणि प्रिझर्व्हेटिव्ह बहुतेक वेळा या शेपटातच असतात, म्हणून यादी शेवटाकडून वाचायला सुरुवात करा. ज्याला ॲलर्जी आहे त्याला एवढंसंही पुरतं.

हे दिसलं तर ठेवून द्या:

फ्रॅग्रन्स, परफ्यूम, पार्फम, अरोमा यातलं काहीही, तसंच लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल आणि कुठलंही इसेन्शियल ऑइल. लॅव्हेंडर नैसर्गिक असलं तरी ॲलर्जी करू शकतं.

डीएमडीएम हायडँटोइन, इमिडाझोलिडिनाइल युरिया, डायझोलिडिनाइल युरिया, क्वाटर्नियम-१५. ही प्रिझर्व्हेटिव्ह हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतात, आणि त्याची ॲलर्जी होऊ शकते. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह पण नकोच. त्या मानाने फेनॉक्सीइथेनॉल किंवा पॅराबेन बऱ्याच जणींना सोसतं, 'पॅराबेन-फ्री' च्या नादात या वरच्या मंडळींना घरात आणू नका.

बिस्मथ ऑक्सिक्लोराइड, रंगांच्या आकड्यांत सीआय ७७१६३. याने मोत्यासारखी चमक येते म्हणून मिनरल मेकअपमध्ये सर्रास असतं, आणि 'मिनरल आहे, सेन्सिटिव्हला चालेल' म्हणून घेतलेल्या पावडरीने खाज सुटली की बऱ्याचदा हेच निघतं. घाम आला की जास्त टोचतं.

कार्माइन, सीआय ७५४७०. कोचिनिअल नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग, गुलाबी छटेच्या पावडरीत आणि ब्लशमध्ये असतो. काहींना याची जोरदार ॲलर्जी असते. शाकाहारी असणाऱ्यांना एरवीही नको असेल.

पुळ्या येणाऱ्यांनी आयसोप्रोपिल मिरिस्टेट आणि लॅनोलिन पण बघावं.

हे दिसलं तर सहसा घाबरायचं कारण नाही: मायका, केओलिन, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड (सीआय ७७८९१), आणि आयर्न ऑक्साइड, म्हणजे सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९, ज्यांच्यामुळे पावडरीला आपल्या कातडीचा रंग येतो. एकूण आठ-दहा घटकांची पावडर मिळाली तर उत्तम. वीस-पंचवीस नावं असलेली कितीही भारी असली तरी नको, लागली तर कशाने लागली हे कधीच कळणार नाही.

थांबा: 'अनसेंटेड' आणि 'फ्रॅग्रन्स-फ्री' एक नव्हे. अनसेंटेडमध्ये कच्च्या मालाचा वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो. 'हायपोअलर्जेनिक' साठी तर कुठली ठरावीक कसोटीच नाही, कंपनीच्या मनावर आहे.

घटक ठीक वाटले की बॅच नंबर, वापरण्याची शेवटची तारीख, आणि उत्पादन परवाना क्रमांक (बाहेरून आलेलं असेल तर आयात नोंदणी क्रमांक) बघा. मोठ्या डब्यातून काढून छोट्या पिशवीत भरून 'ट्रायल पॅक' म्हणून ऑनलाइन विकतात ते घेऊ नका, त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

५. शेड बघताना

दुकानातला टेस्टर पफ चेहऱ्याला लावून घेऊ नका, काउंटरवरची ताई कितीही आग्रह करू दे. तो किती जणींच्या चेहऱ्यावरून फिरलाय कोण जाणे. कागदावर किंवा टिश्यूवर थोडी घेऊन, दाराशी उजेडात जाऊन, जबडा आणि मानेच्या रंगाशी लावून बघा. लालसरपणा झाकायचाय म्हणून दोन शेड उजळ घेतली जाते आणि चेहरा राखाडी दिसतो. गव्हाळ-सावळ्या रंगाला पिवळसर छटा बरी दिसते आणि लालीपण तीच दबवते. अगदी पांढरीशुभ्र ट्रान्सल्युसंट पावडर आरशात दिसत नाही, फ्लॅशच्या फोटोत मात्र पांढरी फटक उठते.

६. हातावर, मग जबड्यावर, मग अर्ध्या चेहऱ्यावर

मनगटावर एकदा लावून संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, म्हणजे झाली टेस्ट, असं नसतं. ॲलर्जी उशिरा उठते हे वर सांगितलंच, म्हणून वेळ द्या.

पहिले सात ते दहा दिवस: कोपराच्या आतल्या बाजूला दहाच्या नाण्याएवढी जागा ठरवा. तिथे आधी तुमचं रोजचं मॉइश्चरायझर, वर पावडर दाबून, सकाळ-संध्याकाळ, रोज त्याच जागी. नुसती कोरडी पावडर हातावर टिकतच नाही, झडून जाते आणि टेस्ट फुकट जाते. यातला एखादा दिवस घाम येईल असा असू द्या.

नंतर तीन-चार दिवस: जबड्याच्या कडेला, कानाजवळ, छोटासा भाग.

नंतर एक आठवडा: चेहऱ्याची एकच बाजू. दुसऱ्या बाजूला फक्त नेहमीचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बाहेर जायला विचित्र वाटत असेल तर घरीच दोन-तीन तास लावून ठेवा. दोन्ही गालांचा रोज त्याच खिडकीशी फोटो काढा, कारण हळूहळू वाढणारी लाली आरशात लक्षात येत नाही.

या तीन आठवड्यांत दुसरं काहीही नवीन सुरू करायचं नाही, साबणसुद्धा नाही. पावडरीसोबत आलेला पफ पण आत्ता वापरू नका, आधीपासून सोसत असलेलाच वापरा.

खाज किंवा पुरळ आलं तर: लगेच धुवा, फोटो काढा, डबा फेकू नका, लेबल तुमच्या अल्बममध्ये जाऊ द्या. 'थोडी सवय झाली की जाईल' म्हणून चालू ठेवू नका, ॲलर्जीची सवय होत नाही, ती वाढत जाते. डोळे-ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर वाट न बघता हॉस्पिटल.

७. लावायचं कसं

तोंड धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, मग दहा-पंधरा मिनिटं थांबणं, मग पावडर. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, ओल्या सनस्क्रीनवर पावडर टाकली की गोळे होतात, मग आपण ते घासून सारखे करतो आणि लाली त्या घासण्यानेच येते. पंधरा मिनिटांनंतरही चिकट वाटलं तर टिश्यू नुसता टेकवून उचला.

पावडर ताटलीत किंवा झाकणात थोडी घ्या, मऊ सिंथेटिक ब्रशवर किंवा मखमली पफवर घेऊन जास्तीची झटका, आणि चेहऱ्यावर दाबत जा. घासायचं नाही, गोल गोल फिरवायचं तर मुळीच नाही. लूज पावडर उडते तेव्हा श्वास जरा रोखून धरा, आणि लहान मूल मांडीवर असताना लावू नका. पापुद्रे निघालेल्या जागी पावडर लावलीत तर ते दुप्पट दिसतात, ती जागा मोकळी सोडा.

पावडरीत एसपीएफ लिहिलेलं असलं तरी त्याच्या भरवशावर राहू नका. तेवढं संरक्षण मिळायला जितकी पावडर लागेल तितकी कोणी लावत नाही.

८. काढणं आणि पफ धुणं

रात्री कोमट पाणी आणि तोच सौम्य फेसवॉश, हवं तर दोनदा हलक्या हाताने. मेकअप वाइप्स नकोत, त्यात बऱ्याचदा वास आणि प्रिझर्व्हेटिव्ह दोन्ही असतात आणि वर घासणं होतंच.

पहिले दोन महिने छान चालली आणि मग पुळ्या यायला लागल्या, अशा वेळी आधी पफ बघा. आठवड्यातून एकदा तरी तो बिनवासाच्या सौम्य शाम्पूने धुवा, फेस पूर्ण जाईपर्यंत खळखळून, आणि पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात ठेवू नका. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून दोन पफ ठेवा, पंख्याखाली वाळवा. कपड्याच्या पावडरीने धुऊ नका. डबा बाथरूममध्ये ठेवू नका, आणि मैत्रिणीला 'जरा दे ना' म्हटल्यावर टिश्यूवर काढून द्या. लेबलवर उघड्या डबीचं चित्र आणि १२ किंवा २४ असा आकडा असतो, तो उघडल्यापासूनचे महिने, उघडल्याची तारीख डब्यावरच लिहून ठेवा.

९. लग्न किंवा कार्यक्रम असेल तर

वरचं सगळं धरलं तर सहज दीड महिना लागतो, म्हणजे तारीख ठरली की सुरुवात करा, आदल्या आठवड्यात नाही. त्या शेवटच्या आठवड्यात फेशियल, ब्लीच, थ्रेडिंगनंतरचं मसाज, काहीही नवीन नको.

मेकअपवाल्या ताईंना आधीच फोन करून सांगा की माझी पावडर, माझा ब्रश आणि माझा पफ मी आणणार. चांगल्या आर्टिस्टना याचं वाईट वाटत नाही. तुम्हाला न चालणाऱ्या घटकांची यादी त्यांना मेसेज करून ठेवा, कारण पावडर तुमची असली तरी खालचा प्रायमर आणि वरचा सेटिंग स्प्रे त्यांचा असणार, आणि स्प्रेमध्ये अल्कोहोल आणि वास दोन्ही असू शकतात. ट्रायल किमान दोन आठवडे आधी घ्या आणि त्यानंतर तीन दिवस चेहरा बघा.

हळदीच्या दिवसाचंही आत्ताच बोलून घ्या. हळदीची ॲलर्जी काहींना असते, आणि बाजारच्या हळदीत रंग मिसळलेला असू शकतो. आत्या-मावशी-काकूंना सांगून ठेवा की गालाला नुसतं बोट टेकवा, बाकी हळद हातापायांना लावा. एकीला आधी सांगितलं की ती बाकीच्यांना बरोबर आवरते. आणि हळद उतरवताना बेसन चोळू नका, कोमट पाणी आणि तुमचा रोजचा फेसवॉश, थोडा पिवळेपणा राहिला तर राहू दे, दुसऱ्या दिवशीच्या पिवळसर शेडखाली तो दिसतही नाही.